डायोड लेसरचे छेदनकार्य : किरणसंयोग आणि वायुझोत

सावंतवाडीच्या चितारआळीतील लाकडी खेळणी, कुडाळ परिसरातील बांबूकाम आणि किनारपट्टीवरील करवंटीच्या वस्तू हे सिंधुदुर्ग जिल्ह्याचे परिचित हस्तोद्योग होत. या कामांतील पातळ फळ्या व पट्ट्या कापण्यासाठी, तसेच पृष्ठभागावर नक्षी कोरण्यासाठी टेबलावर मावणारे डायोड लेसर यंत्र आज कारागिराच्या आवाक्यात आले आहे. ते कर्जाऊ रकमेतून घ्यावयाचे झाल्यास त्याचे दरपत्रक सादर करावे लागते. त्या दरपत्रकावर एक आकडा ठळक छापलेला असतो : इतके वॅट. यंत्र किती जाडीचे लाकूड कापील, हे या एकाच आकड्यावरून ताडण्याची प्रवृत्ती स्वाभाविक आहे. तथापि ती फसवी आहे. हा आकडा नेमके काय सांगतो आणि काय सांगत नाही, याचा विचार येथे केला आहे.

प्रथम 'वॅट' या शब्दाचीच फोड केली पाहिजे, कारण बाजारात तो दोन अर्थांनी वापरला जातो. यंत्र भिंतीतील खटक्यातून जी वीज ओढते तिचे मापही वॅट, आणि भिंगातून जो प्रकाश बाहेर पडतो त्याचे मापही वॅट. या दोहोंत मोठे अंतर असते. सुमारे पाच वॅट निळा प्रकाश देणाऱ्या एका डायोडला तेरा-चौदा वॅट वीज लागते. उरलेल्या विजेची उष्णता होते आणि ती काढून टाकण्यासाठी पंखा बसवावा लागतो. पंखा, मोटारी व नियंत्रक यांची वीज यातच मिळवली, तर पाच वॅट प्रकाशाच्या यंत्रावर 'चाळीस वॅट' असे लिहिणे शब्दशः खोटे ठरत नाही. मात्र लाकडाच्या दृष्टीने ते निरर्थक ठरते. लाकूड कापते ते केवळ प्रकाशाने. म्हणून 'प्रकाशरूप शक्ती किती?' हा पहिला प्रश्न होय.

या यंत्राची पूर्वपीठिका थोडक्यात अशी. १९६० मध्ये थिओडोर मेमन यांनी माणकाच्या स्फटिकातून पहिला लेसर किरण मिळविला. १९६२ मध्ये अर्धवाहकाचा, म्हणजेच डायोडचा, लेसर सिद्ध झाला. तुर्भे येथील अणुशक्ती संस्थेत तसा लेसर १९६४ मध्ये तयार झाला. त्याच वर्षी, बारामतीत जन्मलेले व पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले सी. कुमार पटेल यांनी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत कार्बन डायऑक्साइड वायूचा लेसर निर्माण केला. औद्योगिक छेदनाचा पाया पुढे दीर्घकाळ याच वायु-लेसरने घातला. निळा डायोड लेसर मात्र १९९६ मध्ये शुजी नाकामुरा यांच्या प्रयत्नांनी प्रकट झाला. आजच्या टेबलयंत्रांतील प्रकाश या निळ्या जातीचा असून त्याची तरंगलांबी सुमारे ४५० नॅनोमीटर असते.

एका निळ्या डायोडपासून पाच-सहा वॅटांच्या आसपासच प्रकाश मिळतो. यापुढे जाण्याचा मार्ग म्हणजे दोन, चार, सहा अथवा आठ डायोडांचे किरण एकत्र आणणे. यालाच किरणसंयोग म्हणावयाचे. तो दोन रीतींनी साधतात. प्रकाशाच्या कंपनाला विशिष्ट दिशा असते. एका किरणाची कंपनदिशा उभी व दुसऱ्याची आडवी केली, तर विशिष्ट लोलकाच्या साह्याने दोन्ही किरण तंतोतंत एकमेकांवर बसविता येतात. पण दिशा दोनच असल्यामुळे ही युक्ती दोन किरणांपाशी संपते. त्याहून अधिक किरण असल्यास ते पायऱ्यांसारख्या मांडलेल्या आरशांनी बाजूबाजूला आणून एकाच भिंगातून एका बिंदूकडे वळवितात.

या दुसऱ्या रीतीची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. एक तर सर्व किरण नेमके एकाच बिंदूवर पडतील अशी जुळणी करणे कठीण असते, आणि जराशा चुकीने ठिपका मोठा होतो. दुसरे असे की, रुंद झालेला किरणसमूह भिंगातून अधिक तिरकस उतरतो. त्यामुळे तो एका पातळीवर बारीक मिळाला, तरी तिच्या वर व खाली लवकर पसरतो. पातळ फळीला याची झळ लागत नाही. जाड फळीच्या तळाशी, किंवा गोलाईमुळे उंची सतत बदलणाऱ्या करवंटीवर, ती तात्काळ जाणवते.

ठिपक्याचे महत्त्व गणिताने स्पष्ट होईल. समजा, एका डायोडचा पाच वॅट प्रकाश ०.०८ मिलिमीटर बाजूच्या चौरसावर पडला. दर चौरस मिलिमीटरला त्याची तीव्रता सुमारे ७८० वॅट होते. भर दुपारच्या उन्हाच्या ती जवळजवळ आठ लाख पट आहे. आता चार डायोडांचा वीस वॅट प्रकाश घेतला, पण ठिपका ०.०८ गुणिले ०.१६ मिलिमीटर झाला, तर तीव्रता सुमारे १,५६० वॅट भरते. शक्ती चौपट झाली. तीव्रता मात्र दुप्पटच झाली. एकूण शक्तीमुळे काम जलद होते हे खरे. पण चीर किती अरुंद व किती खोल जाईल, हे बव्हंशी ठिपक्याच्या आकारावर ठरते.

डायोडचे प्रकाशमुख मुळातच एका पट्टीसारखे असल्याने ठिपका बहुधा लांबट असतो. त्याच्या लांबीच्या दिशेने यंत्र चालले, तर चीर अरुंद पडते आणि प्रत्येक बिंदूवर प्रकाश अधिक काळ राहतो. आडव्या दिशेने चालले, तर चीर रुंद व उथळ होते. चौकोनी तुकड्याच्या दोन बाजू सुटतात आणि दोन चिकटून राहतात, या नेहमीच्या अनुभवाचे एक कारण येथे सापडते. खेळण्याचे भाग खाचेत खाच घालून बसवावयाचे असतील, तर ही तफावत नकाशातच हिशेबात घ्यावी लागते. सुतारही करवतीच्या पात्याने खाल्लेली रुंदी सोडूनच रेघ आखतो.

आता वायुझोताकडे वळू. यंत्रविक्रेते त्याला 'एअर असिस्ट' म्हणतात. १९६७ मध्ये इंग्लंडमधील पीटर हाउल्डक्रॉफ्ट यांनी लेसर किरणाबरोबर प्राणवायूचा झोत सोडून एक मिलिमीटर जाडीचे पोलाद कापून दाखविले. तेथे प्राणवायू पोलादाशी संयोग पावून स्वतःच उष्णता पुरवीत होता. लाकडाच्या बाबतीत झोताचे कार्य निराळे आहे. लाकूड वितळत नाही; तापले की त्याचे ज्वलनशील वायू, डांबर व कोळसा यांत विघटन होते. वायू चिरेतून वर येतात, आणि त्यांतील धूर खाली येणाऱ्या किरणाला अडवितो. सूक्ष्म कण दीर्घ लहरींपेक्षा निळा प्रकाश अधिक विखुरतात. म्हणून वायु-लेसरच्या अवरक्त किरणापेक्षा निळ्या डायोडला धुराची बाधा अधिक होते, आणि झोताची गरजही अधिक भासते.

येथे एक शंका सहज निघेल. फुंकणीने चूल पेटते. मग वाऱ्याने लाकूड अधिक जळणार नाही काय? फुंकणीचा मंद वारा तापलेल्या निखाऱ्यांच्या ढिगाला प्राणवायू पुरवितो. बारीक तोटीतून वेगाने आलेला झोत मात्र ज्वलनशील वायू पेट घेण्यापूर्वीच उडवून लावतो, चिरेच्या कडा थंड ठेवतो, सुटा कोळसा बाहेर काढतो आणि भिंगावर काजळी बसू देत नाही. उलटपक्षी झोत दुबळा असेल किंवा तोटी वाकडी बसली असेल, तर त्याची खरोखरच फुंकणी होते आणि ज्वाळ उठते. चालू यंत्र सोडून कोणीही उठून जाऊ नये, याचे हे एक कारण. कोरीव कामात तर झोत बेताचाच हवा. तेथे काळेपणा हेच इष्ट असते, आणि जोराचा वारा तो फिका करतो.

प्रत्येक द्रव्याला हे दोन्ही उपाय सारखे लागू पडत नाहीत. पांगाऱ्याचे हलके लाकूड सहज कापते. प्लायवुडमध्ये थरांमधील डिंक किरणाला अडवितो. तेथे झोताचा लाभ स्पष्ट दिसतो. पारदर्शक ॲक्रिलिकमधून निळा प्रकाश आरपार जातो. तेथे डायोड आठ असोत वा झोत कितीही असो, काही उपयोग नाही. ते काम पटेल यांच्या वायु-लेसरचे. पी.व्ही.सी. व त्याचे रेक्झिन कापूच नये, कारण त्यातून हायड्रोजन क्लोराइड हा विषारी व यंत्र गंजविणारा वायू सुटतो. शिवाय निळा किरण, परावर्तित झाला तरी, डोळ्याच्या पडद्याला कायमची इजा करू शकतो. त्या तरंगलांबीसाठी बनविलेलाच चष्मा आवश्यक आहे.

कोकणच्या पावसाळ्याचाही येथे संबंध येतो. दमट हवेत लाकूड पाणी शोषते, आणि एक ग्रॅम पाण्याची वाफ करण्यास सुमारे २,२६० ज्यूल ऊर्जा खर्ची पडते. मे महिन्यात आरपार गेलेली चीर जुलैत अर्ध्यावर थांबली, तर दोष यंत्राचाच असेल असे नाही. हवा दाबून भरणाऱ्या कॉम्प्रेसरमध्येही याच दमटपणाचे पाणी साठते. ते वाटेत गाळून घेतले नाही, तर झोताबरोबर भिंगावर व लाकडावर उडते.

सारांश, दरपत्रक हाती आले असता वॅटच्या आकड्याबरोबर आणखी चार गोष्टी विचारणे इष्ट : हा आकडा प्रकाशाचा की विजेचा, डायोड किती, ठिपक्याची लांबी-रुंदी किती, आणि झोत मिनिटाला किती लिटर हवेचा. त्यानंतर आपल्याच लाकडाचा एक तुकडा आपल्यासमोर कापून घ्यावा. प्रथम झोताशिवाय, मग झोतासह, वेग तोच ठेवून. एका वेळी एकच गोष्ट बदलली, तर कशामुळे काय घडले हे त्या तुकड्यावरच वाचता येते. कर्जाचे हप्ते अनेक वर्षे फेडावे लागतात. त्यापूर्वी अर्धा तास या परीक्षेला देणे महाग नाही.