'व्हेरी गुड'च्या पुढची विशेषणं

हॉटेल असो, सिनेमा असो की सहल, इंग्रजीत रिव्ह्यू लिहायचा म्हटला की आपली गाडी 'गुड', 'नाइस'वर अडते. आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेच्या स्पीकिंगमध्ये तर चारपैकी एक निकष शब्दसंपत्तीचाच आहे. त्यातल्या दुसऱ्या भागात 1 मिनिट तयारी करून दिलेल्या विषयावर 2 मिनिटांपर्यंत बोलायचं असतं, आणि तो विषय बरेचदा एखादा अनुभवच असतो.

माझं मत विचाराल तर भारदस्त शब्दांआधी नेमके शब्द शिका. भजी मऊ पडली? 'सॉगी'. वेटरने न सांगता पाणी भरलं? सर्व्हिस 'अटेंटिव्ह'. गाजावाजा फार, प्रत्यक्षात फिकं? 'अंडरव्हेल्मिंग'. सिनेमाने जागचं हलू दिलं नाही? 'रिव्हेटिंग'.

एक गोष्ट मात्र पक्की करा. 'एक्झॉस्टेड', 'टेरिफाइंग' या शब्दांत 'खूप' आधीच मुरलेलं आहे. म्हणून 'व्हेरी एक्झॉस्टेड' कानाला खटकतं, तिथे 'ॲब्सोल्यूटली' शोभतं. शिवाय प्रवास 'एक्झॉस्टिंग' आणि आपण 'एक्झॉस्टेड'. हे उलटलं की घोटाळा: 'आय ॲम बोअरिंग' म्हणजे मीच कंटाळवाणा!

आणि हो, नवं विशेषण वहीत एकटं लिहू नका, सोबत नाम हवंच: 'ब्रेथटेकिंग व्ह्यू', 'लॅव्हिश स्प्रेड', 'प्रेडिक्टेबल प्लॉट'.