अनोळखी लाकडाची ओळख

पेडणे आणि डिचोली तालुक्यांतील जुनी घरे मोडली जातात, तेव्हा मातीच्या भिंती जागीच विरघळतात. तुळया, खांब, वासे आणि दारांच्या चौकटी मात्र सुताराच्या पडवीत येऊन पडतात. हा माल कसला, असे विचारल्यास विकणारा बेधडक 'साग' म्हणून सांगतो. हे उत्तर प्रत्येक वेळी खोटे असते असे नव्हे. परंतु केवळ त्याच्या विश्वासावर पाळणा, देवघर किंवा पोळपाट करावयास घेणे हे धाडसच होय.

पहिली अडचण नावांची. गोव्यात जी माट्टी, तोच घाटावरचा ऐन; इकडचा किंदळ, तोच रत्नागिरीकडचा किंजळ. जांभा म्हटले की कोणाला चिरा आठवतो, कोणाला जांभूळ. वस्तुतः जांभा हा या दोहोंहून निराळा, लोखंडासारख्या कठीण लाकडाचा वृक्ष आहे. 'असन' या एका नावाने कोणी बिबळा ओळखतो, तर हिंदी मुलखात कोणी ऐन. नाव ऐकून लाकूड ठरविणे म्हणजे आडनाव ऐकून स्वभाव ठरविण्यासारखे आहे.

रंगही तितकाच फसवा. पन्नास वर्षे चुलीचा धूर खाल्लेला आणि काजूच्या टरफलांचे तेल प्यालेला वासा मुळात कोणत्याही झाडाचा असो, काळाच दिसतो. म्हणून वरचा थर रंध्याने काढून आतला नार पाहावा. आणि त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे लाकडाचे तोंड, अर्थात आडवा छेद पाहावा. करवतीने कापलेले तोंड खरबरीत असते, त्यात काही दिसत नाही. धारदार पात्याने त्याचा पातळ पापुद्रा काढावा, किंचित पाणी लावावे आणि दहापट मोठे दाखविणारे भिंग डोळ्याजवळ धरावे. झाडाने मुळांतून पाणी वर नेले त्या नलिकांची तोंडे तेथे छिद्रांच्या रूपाने दिसू लागतात, आणि प्रत्येक जातीची रांगोळी वेगळी असते.

सागाच्या छेदात मोठी छिद्रे वार्षिक वलयाच्या आरंभी ओळीने बसलेली असतात, पुढे ती लहान व विरळ होतात. ताज्या कापाला कातड्याची आठवण करून देणारा वास येतो आणि बोटाला स्निग्धता जाणवते. ऐनात अशी ओळ नसते. छिद्रे सर्वत्र विखुरलेली असून त्यांच्याभोवती फिकट कडे असते. वजनही बोलते : एक घनफूट सुका साग सुमारे १८ किलो भरतो, ऐन बहुधा त्याहून बराच जड असतो. ऐन आणि किंदळ ही मात्र सख्खी भावंडे. त्यांचा निवाडा भिंगाने होईलच असे नाही. त्यासाठी सूक्ष्मदर्शकाखाली नमुना तपासावा लागतो. हे काम डेहराडूनची वन संशोधन संस्था आणि बंगळूरची काष्ठ विज्ञान संस्था करतात.

बिबळ्याची परीक्षा फार मनोरम आहे. त्याच्या नारेचे ढलपे पेलाभर पाण्यात भिजत ठेवले की पाणी पिवळसर होते, आणि उन्हात काळ्या पार्श्वभूमीवर धरले असता त्यात निळी झाक चमकते. मेक्सिकोतील एका लाकडाच्या पाण्याची अशीच निळाई सेव्हिलचा वैद्य निकोलास मोनार्देस याने १५६५ साली नोंदविली होती.

डिचोलीत अलीकडे आणखी एक पाहुणा आला आहे. खाणींच्या मातीच्या ढिगाऱ्यांवर लावलेली ऑस्ट्रेलियन बाभूळ आता करवतीखाली येते. तिचा तपकिरी नार पॉलिश केल्यावर भल्याभल्यांना चकवतो. लाकूड वाईट नाही. सागाचे मोल देऊन ते घेणे वाईट.

खरा धोका पांढरट लाकडात आहे. शेजारच्या सावंतवाडीची खेळणी ज्या पांगाऱ्याची होत आली, तो हलका आणि मऊ असतो. काजराही फिकटच दिसतो, पण तो जड, घट्ट आणि कडू. त्याच्या बियांत स्ट्रिक्निन व ब्रुसिन ही जहाल विषे असतात, सालही विषारी असते. सुदैवाने त्याचा छेद स्वतःच साक्ष देतो. सालीतील अन्नवाहक पेशींची मऊ बेटे या झाडात थेट लाकडाच्या गाभ्यात विखुरलेली असतात. ती फिकट ठिपक्यांसारखी दिसतात. असे ठिपके साग, ऐन किंवा फणसात सापडणार नाहीत. कडवटपणा पाहण्यासाठी तुकडा जिभेला लावण्याचा मोह मात्र कोणी करू नये. ओळख पटेपर्यंत असे लाकूड कुंपणाच्या खुंटाला वापरावे. त्याची काटवट, डाव किंवा लहान मुलांची गाडी करू नये.