तळं वाचवायचं तर आधी चेंबर उघडा : कात्रज ते बुधवार पेठ

अप्पा बळवंत चौकात पुस्तकं घ्यायला तुम्ही कधी ना कधी आलाच असाल. नेट-सेटची गाइडं, जुन्या प्रश्नपत्रिका, सगळं इथंच. मी या चौकापासून पाच मिनिटांवर, बुधवार पेठेतच राहते. पुढच्या वेळी आलात तर पायाखालच्या रस्त्याकडे जरा बघा. या भागाला कधीकाळी कात्रजच्या तळ्याचं पाणी यायचं. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, 1750 च्या सुमारास, कात्रजला बंधारे घालून पाणी अडवलं आणि दगड-चुन्याच्या बंदिस्त नळातून ते शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांमधल्या हौदांपर्यंत आणलं. पंप नाही, काही नाही, फक्त उतार. वाटेत गाळ खाली बसावा म्हणून कुंड्या आणि हवा निघून जावी म्हणून उच्छ्वास. सातारा रस्त्याच्या बाजूला त्यातले काही उच्छ्वास अजून दिसतात.

आज ते पाणी कोणी तोंडाला लावणार नाही. तळ्याच्या वरच्या अंगाला भिलारेवाडी, मांगडेवाडी, गुजर-निंबाळकरवाडी ही गावं आहेत. जून 2021 मध्ये 23 गावं पुणे महापालिकेत आली, त्यात हीसुद्धा होती. पण इमारती महापालिकेची वाट बघत थांबल्या नव्हत्या. घरं आधी आली, ड्रेनेजची लाइन मागून. मधल्या काळात सेप्टिक टँक, आणि टँक भरला की जवळचा ओढा. ओढा उतरतो तळ्यात.

परवा एका ज्युनिअरने विचारलं, "ताई, लाइन टाकली की तळं सुधारतंच ना? मग यात संशोधन काय करायचं?" प्रश्न चांगला आहे. उत्तर लांब आहे, म्हणून इथं लिहिते.

आधी माझी फजिती सांगते. पहिल्या वर्षी मी एका तळ्यावर (कुठल्या ते राहू दे) दुपारी दोन वाजता जाऊन विरघळलेला ऑक्सिजन मोजला. आकडा इतका छान आला की मी खूश. वहीत लिहून टाकलं, 'पाण्याची स्थिती उत्तम'. गाइडनी एवढंच विचारलं, "किती वाजता गेली होतीस?" दुसऱ्या खेपेला पहाटे गेले तर ऑक्सिजन जवळजवळ संपलेला. असं का? पाण्यात शेवाळ प्रचंड होतं. दिवसा ते ऊन घेऊन ऑक्सिजन सोडतं आणि रात्री श्वसनासाठी तोच ऑक्सिजन खातं. म्हणजे दुपारचा तो छान आकडा आजाराचंच लक्षण होता. मासे मरतात ते पहाटे, आणि आपण नमुने घेतो कॉलेजच्या वेळेत.

आता मुद्द्यावर. सांडपाण्यात तळ्याला नक्की काय मारतं? बहुतेक जण म्हणतात 'घाण', म्हणजे बीओडी. नदीसाठी हे उत्तर बऱ्यापैकी चालतं, कारण नदी वाहते. तळं साठवतं. तिथं खरा खलनायक फॉस्फरस. कॅनडात डेव्हिड शिंडलर यांच्या गटाने 1973 मध्ये ऑन्टारियोतल्या '226' क्रमांकाच्या तळ्यात मधोमध पडदा लावून त्याचे दोन भाग केले. एका भागात कार्बन आणि नायट्रोजन घातला, दुसऱ्यात कार्बन, नायट्रोजन आणि फॉस्फरस. फॉस्फरसवाला भाग हिरवागार झाला, दुसरा तसाच राहिला. वरून काढलेला तो फोटो अजून पाठ्यपुस्तकांत छापतात. प्रयोग कसा आखावा हे शिकायचं असेल तर त्या फोटोकडे अर्धा तास बघत बसा. एकच गोष्ट बदलली, बाकी सगळं तेच.

यातून एक अडचणीची गोष्ट निघते. नेहमीच्या पद्धतीचा मैलाशुद्धीकरण प्रकल्प बीओडी चांगला कमी करतो, पण फॉस्फरसचा मोठा भाग तसाच पुढे जातो. त्यासाठी वेगळी प्रक्रिया लागते. म्हणून 'शुद्ध केलेलं पाणी तळ्यात सोडतो, काळजी नको' हे वाक्य ऐकलं की लगेच विचारायचं : फॉस्फरस किती?

गणित करून बघू. आकडे सोपे घेते, हे कुठल्या एका तळ्याचे नाहीत. समजा तळ्यात 10 लाख घनमीटर पाणी आहे, म्हणजे 100 कोटी लिटर. वर 1,000 घरं, घरात चार माणसं, म्हणजे 4,000 माणसं. माणशी दिवसाला साधारण एक ग्रॅम फॉस्फरस सांडपाण्यात जातो असं धरू. दिवसाला चार किलो. 100 कोटी लिटरमध्ये चार किलो म्हणजे लिटरला चार मायक्रोग्रॅम, रोज. लिटरमागे 30 मायक्रोग्रॅमच्या वर गेलं की तळं साधारणपणे सुपोषित मानतात, म्हणजे शेवाळाला मेजवानी. आठ दिवसांत आपण तिथं पोचलो.

आता निम्म्या घरांना ड्रेनेज जोडलं. उद्घाटन झालं, बॅनर लागला. आठ दिवसांऐवजी 16 दिवस लागतील, बस. 90 टक्के घरं जोडली तर? उरली 100 घरं, दिवसाला 0.4 मायक्रोग्रॅम. 80 दिवस. फेब्रुवारीच्या सुरुवातीला मोजायला लागलात तर एप्रिल संपायच्या आत तळं पुन्हा त्याच जागी. (उन्हाळ्यात आत-बाहेर पाणी नाही आणि काही खाली बसत नाही असं मी इथं धरलंय. खऱ्या तळ्यात थोडा फॉस्फरस गाळात बसतो. त्याच्याकडे येतेच.)

कागदावर 90 टक्के यश, आणि तळं हिरवंच. मग लोक म्हणतात पैसे खाल्ले. खाल्लेही असतील, पण तसं काही न होतासुद्धा हे घडू शकतं. आणि ती शेवटची 100 घरं कोणाची असतात? बऱ्याचदा ओढ्याच्या कडेची, अरुंद गल्लीतली, मुख्य लाइनपेक्षा खालच्या पातळीवरची. तिथून मैला उताराने लाइनपर्यंत चढत नाही, पंपिंग लागतं, आणि पंपाचं वीजबिल कोणी भरायचं हे ठरत नाही. शोषखड्डा सुचवणारे भेटतील. पण आपल्याकडे मातीचा थर पातळ आणि खाली काळा पाषाण. खड्डा थोड्याच दिवसांत तुंबतो. त्या घरांना नुसती नोटीस पाठवून तळ्याचं पाणी सुधारत नाही.

पण पूर्ण काम केलं तर काय होतं? सिॲटल शहराला लागून वॉशिंग्टन नावाचं मोठं तळं आहे. 1960 च्या आसपास काठच्या वस्त्यांचं दिवसाला सुमारे 7.6 कोटी लिटर पाणी त्यात यायचं, आणि लक्षात घ्या, ते प्रक्रिया केलेलं होतं. एडमंडसन नावाच्या प्राध्यापकांनी 1955 मध्ये शेवाळाची एक विशिष्ट जात दिसल्यावर पुढे काय होणार ते सांगायला सुरुवात केली. सामायिक ड्रेनेज यंत्रणेसाठी मार्च 1958 मध्ये मतदान झालं, प्रस्ताव पडला. सप्टेंबरमध्ये पुन्हा मतदान, यावेळी मंजूर. 1963 ते 1968 या काळात सगळं सांडपाणी टप्प्याटप्प्याने तळ्याबाहेर वळवलं. पांढरी-काळी तबकडी पाण्यात सोडून ती किती खोलपर्यंत दिसते ते बघतात, तिला सेक्की तबकडी म्हणतात. 1964 मध्ये उन्हाळ्यात ती अडीच फुटांवर दिसेनाशी व्हायची, 1968 मध्ये 10 फुटांपर्यंत दिसायला लागली. मला यात सगळ्यात आवडतं ते एडमंडसन यांचं वागणं. त्यांनी अंदाज आधी जाहीर केला आणि मग मोजत राहिले. आपण बहुतेक वेळा प्रकल्प झाल्यावर नमुने घ्यायला जातो. 'आधी'चा डेटाच नसतो, मग तुलना कशाशी करणार?

तरी सिॲटल बघून लगेच हुरळून जाऊ नका. ते तळं खोल आहे. उथळ तळ्यांची गोष्ट वेगळी. मिनेसोटातल्या शागावा तळ्यात 1973 पासून सांडपाण्यातला फॉस्फरस काढून टाकायला लागले, पण तळं अपेक्षेइतकं लवकर सुधारलं नाही. कारण तळाचा गाळ. वर्षानुवर्षं जमलेला फॉस्फरस तिथं लोहाला चिकटून बसलेला असतो, आणि तळाशी ऑक्सिजन संपला की सुटून वर येतो. बाहेरचा नळ बंद केला तरी आतली टाकी गळतेच. आपली बरीच तळी उथळ आणि गाळाने भरलेली. त्यामुळे 'लाइन टाकूनही दोन वर्षांत फरक नाही' असं दिसलं, तर काम फसलं असा निष्कर्ष काढायची घाई नको. गाळाचे नमुने घेतलेत का, ते आधी बघा.

पेशव्यांच्या कुंड्यांबद्दल वर लिहिलं. त्या गाळ अडवायच्या, आणि त्या काळी तेवढं पुरत असावं. विरघळलेला फॉस्फरस कुठल्याच कुंडीत बसत नाही.

आणखी एक प्रश्न प्रस्तावात लिहायला लोक हमखास विसरतात : वळवलेलं पाणी गेलं कुठे? कात्रजच्या तळ्यातून आंबिल ओढा निघतो आणि सहकारनगरकडून शहरातून वाहत मुठेला मिळतो. लाइन तळ्याला वळसा घालून नेली आणि पुढे प्रकल्पाची क्षमता अपुरी पडली, तर तोच मैला ओढ्यात, मग मुठेत, मग मुळा-मुठेत आणि शेवटी भीमेतून उजनीत. तळं वाचलं, धरण हिरवं झालं. शिवाय अशा लाइनी बऱ्याचदा ओढ्याच्या पात्रातूनच टाकतात, कारण उतार तिथंच मिळतो. मोठा पूर आला की चेंबरमध्ये गाळ शिरतो. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याने काय केलं ते पुण्यात कोणाला सांगायला नको. आणि उलट बाजूही आहे : उन्हाळ्यात तळ्यात येणारं बरंचसं पाणी सांडपाणीच असेल, तर ते वळवल्यावर पातळी किती उतरेल? पाण्याचा ताळेबंद मांडल्याशिवाय याचं उत्तर देता येत नाही.

तुम्हाला हा विषय घ्यायचा असेल तर महागड्या उपकरणापासून सुरुवात करू नका. एप्रिलमध्ये सकाळी सात वाजता तळ्याला मिळणाऱ्या प्रत्येक ओढ्याच्या तोंडाशी जा. पाऊस पडून सहा महिने झालेत, तरी पाणी वाहतंय? मग ते कुठून येतंय? झऱ्याचंही असू शकतं, म्हणून क्लोराइड आणि अमोनिया तपासा. अमोनिया जास्त निघाला तर संशय पक्का. बादली आणि मोबाइलचं स्टॉपवॉच घेऊन प्रवाह मोजा. हेच दुपारी दोनला आणि रात्री अकराला पुन्हा करा. सकाळी आंघोळी-धुण्याच्या वेळी प्रवाह वाढला आणि रात्री उतरला तर तो ओढा घड्याळाप्रमाणे चालतोय, म्हणजे तो वस्तीचा आहे. मग काठाने वर चालत जा, प्रत्येक पाइपाची नोंद करा, आणि वॉर्ड ऑफिसातून ड्रेनेजचा नकाशा मिळवून त्यावर हे ठिपके टाका. नकाशावर लाइन आहे आणि तरी ओढ्यात पाइप उघडा आहे, अशी जागा हमखास सापडते. तिथं दार वाजवा, घरातल्या काकूंना नीट विचारा की जोडणी का नाही घेतली. माझ्या वहीतली सगळ्यात उपयोगी पानं अशा चहाच्या कपांवर भरलीत. कुठे खड्डा खणायला परवानगी नाही, कुठे भाऊबंदकीत गल्ली अडलीय, आणि कुठे जोडणी घेतली होती पण चेंबर उलटं तुंबून घरात पाणी आलं म्हणून मोरीचा पाइप परत ओढ्यात सोडलाय.