पट्टा बदलण्याची वेळ

राजाजीनगरच्या डॉ. राजकुमार रस्त्यावर आज जिथे ओरायन मॉल आणि वर्ल्ड ट्रेड सेंटर उभं आहे, ती जमीन पूर्वी किर्लोस्करांची होती. १९४६ साली बंगळूरात सुरू झालेल्या किर्लोस्कर इलेक्ट्रिकचं नाव या भागातल्या जुन्या लोकांच्या तोंडी अजून आहे. जवळच औद्योगिक वसाहत आहे, त्यामुळे लेथ, ग्राइंडिंग आणि मोटार दुरुस्तीची कामं इथल्या गल्ल्यांत शेजारी शेजारी चालत आली. इथल्या गॅरेजांत गेल्या चाळीस वर्षांत काय बदललं, हे पाहायचं तर टायमिंग बेल्टचा माग काढावा असं मला वाटतं. गाडीतल्या दुसऱ्या कुठल्याही भागाने मेस्त्रीच्या सवयी इतक्या बदलल्या नाहीत.

अँबॅसडर आणि पद्मिनीच्या काळात इंजिनात या बेल्टच्या जागी साखळी असे. तेलात फिरणारी लोखंडी साखळी झिजली, ढिली पडली की खळखळू लागते. तो आवाज ऐकून मेस्त्री रोग ओळखत. कानाला मान होता, आणि तो योग्यच होता.

डिसेंबर १९८३मध्ये मारुती ८०० आली. तिच्या ७९६ सीसीच्या तीन सिलिंडरी इंजिनात कॅमशाफ्ट वर, हेडमध्ये होता आणि त्याला फिरवणारा होता रबरी दात्यांचा पट्टा. युरोपात ही पद्धत १९६२ सालच्या जर्मन ग्लास १००४ या गाडीपासून रुळू लागली होती. आपल्याकडे घरोघरी पोचवली ती मारुतीने. पट्टा हलका, स्वस्त, त्याला तेल लागत नाही. पण तो बहुधा इशारा देत नाही. बाहेरून धडधाकट दिसणारा पट्टा एखाद्या दिवशी तुटतो किंवा त्याचे दाते सुटतात. क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमची एक फेरी, हा मेळ त्याच क्षणी मोडतो. काही इंजिनांत अशा वेळी वर येणारा पिस्टन उघड्या राहिलेल्या व्हॉल्व्हवर आदळतो, व्हॉल्व्ह वाकतात आणि हेड उतरवावं लागतं.

म्हणून चांगला दिसणारा भाग आकड्यावर विश्वास ठेवून बदलायचा, ही गोष्ट पट्ट्याने शिकवली. बऱ्याच पेट्रोल गाड्यांत तो आकडा साठ हजार ते एक लाख किलोमीटरच्या दरम्यान असे. गिऱ्हाइकाला ते पटवणं सोपं नव्हतं. काही बिघडलंच नाही तर खर्च कशाला, हा त्याचा प्रश्न रास्त होता, आणि त्याला उत्तर देताना मेस्त्रीकडे दाखवायला काहीच नसे.

मारुतीच्या पुलीवर खुणा असत, टेन्शनरला स्प्रिंग असे; खुणा जुळवून पट्टा चढवला की स्प्रिंग ताण देई. हातचे पाने आणि धीर एवढ्यावर काम भागे. अडे ते क्रँक पुलीच्या बोल्टशी. मग गाडी गिअरमध्ये टाकून ब्रेक दाबायचा, फ्लायव्हीलच्या दात्यांत स्क्रू ड्रायव्हर अडकवायचा, किंवा लांब दांड्याचा पाना जमिनीला टेकवून स्टार्टरचा झटका द्यायचा. या शेवटच्या उपायात हात मोडू शकतो, दाते तुटू शकतात. पुली धरून ठेवणारं साधन घेतलं की हे सगळं टळतं, आणि माझ्या मते गॅरेजवाल्याने पहिला पैसा तिथेच खर्च करावा.

झेन, १९९८ची सँट्रो, इंडिका, सगळ्या पट्ट्यावरच चालल्या. मग बंगळूरची खास गाडी आली. १९९७ साली टोयोटा किर्लोस्कर मोटर स्थापन झाली, बिडदीला कारखाना उभा राहिला आणि २०००च्या जानेवारीत क्वालिस रस्त्यावर आली. बेळगावात सायकलच्या दुकानाने सुरुवात करणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांचे पणतू विक्रम किर्लोस्कर यात भागीदार होते. आयटी कंपन्यांच्या माणसांची रात्रीबेरात्री ने-आण करणाऱ्या या क्वालिस, आणि २००५पासून इनोव्हा, वर्षाला खूप किलोमीटर कापत. इनोव्हाच्या डिझेल इंजिनासाठी डॅशबोर्डवर टी-बेल्टचा दिवाच होता. ठरलेलं अंतर झालं की तो पेटे. मेस्त्रीला गिऱ्हाइकाशी वाद घालावा लागेना, गाडीच बोलू लागली. या इंजिनाचा पट्टा आखूड, क्रँक पुली काढायची गरज नाही. पण टेन्शनर हायड्रॉलिक: तो व्हाइसमध्ये सावकाश दाबून पिनेने अडकवायचा, पट्टा बसवून झाला की पिन ओढायची. घाईने दाबला तर तो निकामी होण्याची भीती.

२०१२च्या डस्टरच्या दीड लिटर डिझेल इंजिनाने रंगाच्या खुणांचा जमाना संपवला. कॅमला एक पिन, क्रँकला एक पिन. दोन्ही जागेवर बसल्या तरच टायमिंग बरोबर. पोलो डिझेललाही असंच लॉकिंग लागतं. पिनेशिवाय अंदाजाने पट्टा चढवणाऱ्याला मी माझी गाडी देणार नाही, मग त्याचा अनुभव कितीही असो. एक दाता चुकला तरी इंजिन सुरू होतं, फक्त दम राहत नाही, आणि दोष कुठे आहे हे शोधण्यात आठवडे जातात. काम नेटकं करणारा माणूस पट्टा बसवल्यावर हाताने क्रँकच्या दोन पूर्ण फेऱ्या मारतो, पिना पुन्हा घालून पाहतो, मगच स्टार्टरला हात लावतो. पट्ट्यावर चालणारा वॉटर पंप आणि बेअरिंगही त्याच वेळी बदलतो, कारण तेवढ्यासाठी सगळं पुन्हा उघडायला लावणं गिऱ्हाइकावर अन्याय आहे.

दरम्यान साखळी परत आली होती. मारुतीच्या के-मालिकेतली इंजिनं, स्विफ्ट डिझेल, आणि २०१६ची इनोव्हा क्रिस्टा, सगळी साखळीची. एप्रिल २०१०पासून बीएस-४ नियमामुळे बंगळूरसह तेरा शहरांत नव्या मारुती ८०० विकणं थांबलं आणि २०१४च्या जानेवारीत तिचं उत्पादनही संपलं. पट्टा मात्र गेलेला नाही. फोर्डच्या इकोस्पोर्टच्या काही इंजिनांत तो तेलात बुडवून ठेवलेला होता. २०२१च्या कुशाक आणि टायगुनच्या एक लिटर टर्बो पेट्रोल इंजिनात तो कोरडाच आहे, आणि त्याला कॅम लॉक करणारं खास साधन लागतं. जुन्या इनोव्हाही अजून रस्त्यावर आहेत. त्यातल्या अनेकांचा पट्टा एव्हाना दुसऱ्यांदा किंवा तिसऱ्यांदा बदलायला आलेला असेल; मालकाने दिवा पेटण्याची वाट न पाहता मागच्या खेपेच्या बिलावरचं किलोमीटर आजच वाचावं.