थंडीत चिकूचा घास

तारापूरजवळच्या सालवडला डिसेंबरात रात्री पंखे बंद होतात आणि आमच्या चिकूला भूक लागायला लागते. चिकू म्हणजे लेकीने पाळलेला अ‍ॅक्सोलोटल. आयुष्यभर पाण्यात राहणारा, मानेशी पिसांसारखे कल्ले असलेला हा प्राणी, रंगाने अगदी घोलवडच्या चिकूसारखा. त्याचं मूळ घर मेक्सिको सिटीतलं शोचिमिल्को, समुद्रसपाटीपासून सव्वादोन हजार मीटर उंचीवरचं. त्याला 16 ते 18 अंशांचं पाणी मानवतं. उन्हाळ्यात टाकीवर पंखा लावून, बर्फाच्या बाटल्या बदलत आम्ही त्याला जपतो, तेव्हा तो जेमतेम खातो.

त्याचं मुख्य खाणं म्हणजे गांडुळं. बर्फाच्या देशात थंडीत जमीन गोठते, म्हणून ती मिळत नाहीत. आमच्याकडे जमीन वाळते. भात कापून झाला, शेताला भेगा पडल्या, की गांडुळं ओल धरून खोल जातात. म्हणजे चिकूची भूक वाढावी आणि नेमकं तेव्हाच खाणं दिसेनासं व्हावं!

त्याची नजर अधू. वास आणि पाण्यातली हालचाल यांवर तो भक्ष्य ओळखतो, तोंड उघडून पाण्यासकट आत ओढतो आणि न चावता गिळतो. दाण्यांचं खाद्य काही अ‍ॅक्सोलोटल शिकतात. चिकू शिकला नाही.

पहिल्या वर्षी मी गांडूळखताच्या वाफ्यातली लाल गांडुळं आणली. चिकूने ओढली आणि थुंकली. दुसऱ्यांदाही तेच. मला वाटलं, आजारी पडला. मग कळलं, ही आयसेनिया जातीची गांडुळं डिवचली की पिवळट, उग्र स्राव सोडतात. खतासाठी दुसरीही एक जात पाळतात, युड्रिलस. जाड, जांभळट झाक असलेली. ती त्याने लगेच घेतली. तेव्हापासून जात बघितल्याशिवाय मी गांडुळं घेत नाही.

शेजारच्या काकी म्हणाल्या, “अगं, विहिरीकडच्या केळीत बघ की.” तिथे पाणी सांडून कायम ओल असते. औषध फवारलेलं नाही, हे आधी विचारलं. संध्याकाळी भिजलेलं गोणपाट पसरलं, सकाळी उचललं. खाली सात गांडुळं!

नाल्यातल्या अळ्या मात्र कोणी फुकट दिल्या तरी मी घेणार नाही. शेजारी तारापूरची रासायनिक कारखान्यांची वसाहत आहे. नाल्याच्या गाळातलं काही या जिवाच्या पोटात जायला नको. सुका जवळाही नको, त्यात मीठ असतं.

गांडुळं बादलीत काथ्याच्या ओलसर भुशात, पालापाचोळ्यात ठेवते. युड्रिलसला गारठा सोसत नाही, म्हणून रात्री बादली गोणपाटात गुंडाळून स्वयंपाकघरात. एकाच घरात एकाला गारवा हवा, त्याच्या घासाला ऊब.

अ‍ॅक्सोलोटल 2022च्या दुरुस्तीनंतर वन्यजीव कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत येतो. पाळायचा तर सरकारी परिवेश पोर्टलवर नोंद लागते. हा नियम आधी समजून घ्यावा, मग टाकी घ्यावी.

मोठ्या अ‍ॅक्सोलोटलला दोन-तीन दिवसांनी एकदा पुरतं. आज चिकूचा दिवस आहे. गांडूळ धुऊन, मोठं म्हणून अर्धं करून चिमट्यात धरलंय. तो काचेपाशी येऊन थांबलाय.