१५जी भरला, तरी व्याजातून पैसे का कापले?



आपल्या एका गटातल्या ताईंना पतीच्या विम्याचे ६ लाख रुपये मिळाले. मुलीच्या शिक्षणासाठी म्हणून त्यांनी एप्रिल २०२४ मध्ये ते ७ टक्के व्याजाने बँकेत मुदत ठेवीत ठेवले. वर्षाचं व्याज झालं ४२ हजार. पासबुक भरून आणलं तर त्यातून ८,४०० रुपये कापलेले! "मॅडम, तुम्हीच तर फॉर्म भरून दिला होता ना?" ताईंनी मला विचारलं. खरं होतं. १५जी फॉर्म मीच भरून दिला होता. पण एक गोष्ट बघायची राहिली होती. तीच आज सांगते.

टीडीएस म्हणजे काय?
व्याज ठराविक रकमेच्या वर गेलं की बँक त्यातून १० टक्के कर आधीच कापते आणि तुमच्या पॅनवर सरकारकडे भरते. तुमचं उत्पन्न करपात्र आहे की नाही, हे बँकेला माहीत नसतं. ही मर्यादा आधी ४० हजार होती. १ एप्रिल २०२५ पासून ती वर्षाला ५० हजार झाली आहे. ६० वर्षांवरील आजींसाठी ती १ लाख आहे. एकाच बँकेतल्या सगळ्या मुदत ठेवी आणि आवर्ती ठेवी यांचं व्याज एकत्र धरतात. बचत खात्याच्या व्याजावर टीडीएस लागत नाही.

१५जी कोणी भरायचा?
ज्यांच्या एकूण उत्पन्नावर कर बसत नाही, त्यांनी. आर्थिक वर्ष २०२५-२६ पर्यंत ६० च्या आत १५जी आणि ६० च्या पुढे १५एच भरायचा असे. हा फॉर्म एकाच आर्थिक वर्षापुरता चालतो. म्हणून दरवर्षी एप्रिलमध्ये, प्रत्येक बँकेत वेगळा द्या आणि पोच घ्या. मध्येच नवी ठेव केली तर पुन्हा विचारा. उत्पन्न जास्त असताना मात्र फॉर्म भरू नका. खोटं लिहून देणं गुन्हा आहे.

मग ताईंचे पैसे का कापले?
त्यांचा पॅन आधारशी जोडलेला नव्हता. असे पॅन १ जुलै २०२३ पासून निष्क्रिय झाले आहेत. पॅन निष्क्रिय असला की असा फॉर्म चालत नाही आणि कर १० ऐवजी २० टक्के कापला जातो. म्हणून ४२ हजारांवर ८,४०० गेले. पॅन बँकेत दिलाच नसेल तरी २० टक्केच कापतात, आणि वर ती रक्कम तुमच्या नावावर दिसतही नाही. मग परत मागणार कशी?

कापलेले पैसे परत मिळतात का?
मिळतात, पण बँकेकडून नाही. त्यासाठी इन्कम टॅक्सचं रिटर्न भरावं लागतं. ताईंचा पॅन जोडायला अडचण आली, कारण पॅनवर माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं. आधी नाव दुरुस्त केलं, मग १ हजार रुपये शुल्क भरून पॅन जोडला, मग रिटर्न भरलं. ८,४०० खात्यावर आले, पण हजार रुपये आणि कितीतरी हेलपाटे गेलेच. ज्यांचे २०२४-२५ मध्ये पैसे कापले होते, त्यांच्यासाठी रिटर्न भरायची मुदत ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत होती. रिटर्न भरल्यावर आधार ओटीपीने त्याची पडताळणी ३० दिवसांत करायला विसरू नका.

पुढच्या बैठकीत एवढं करा
- प्रत्येकीने पॅन आणि आधार दोन्ही आणा. नाव आणि जन्मतारीख जुळते का बघा.
- पॅन जोडला आहे का, हे इन्कम टॅक्सच्या सरकारी पोर्टलवर फुकट दिसतं. बँक सखीला सोबत घ्या.
- बँकेत पॅन नोंदवला आहे का, ते विचारून घ्या.
- "तुमचा रिफंड आला आहे, लिंक दाबा" असा मेसेज आला तर लिंक दाबू नका. फोनवर कोणालाही ओटीपी सांगू नका.

आता मी कोणाचाही फॉर्म हातात घेतला की पहिला प्रश्न विचारते, "ताई, पॅन आधारला जोडलाय का?" तुम्हीही शेजारणीला विचारा. विम्याचे असोत की जमिनीचे, ते पैसे घराच्या आधाराचे असतात.

तुमची,
क्षेत्र समन्वयक