मोजमापांतील खरेपणा

गणिताच्या उत्तरांत दशांशचिन्हापुढें जितके अंक अधिक, तितकें तें उत्तर अधिक बिनचूक, अशी आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांची, आणि खरें सांगावयाचें तर कांहीं पालकांचीही, समजूत असते. ती कितपत ग्राह्य आहे, ह्याचा थोडक्यांत विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

वर्गाच्या खोलीचें क्षेत्रफळ काढावयाचें आहे असें समजूं. फितीनें मोजतां लांबी ६.४ मीटर व रुंदी ५.३ मीटर भरली. विद्यार्थी गुणाकार करितो आणि ३३.९२ चौरस मीटर असें लिहून मोकळा होतो. गुणाकार बरोबर आहे; पण उत्तर बरोबर आहे काय? मोजमाप मीटरच्या दशांशापर्यंतच केलेलें आहे. म्हणजे खरी लांबी ६.३५ व ६.४५ ह्यांच्या दरम्यान, आणि रुंदी ५.२५ व ५.३५ ह्यांच्या दरम्यान कोठें तरी असली पाहिजे. लहान मापांचा गुणाकार सुमारें ३३.३ येतो, मोठ्या मापांचा सुमारें ३४.५. खुद्द एकंस्थानचा अंकच जेथें डळमळीत, तेथें दशांशाच्या दुसऱ्या स्थळांतील २ कोठून आला? तो फितीनें सांगितलेला नाहीं. केवळ गुणाकाराच्या रीतीनें तो उत्पन्न झाला आहे. म्हणून ‘सुमारें ३४ चौरस मीटर’ हेंच उत्तर अधिक प्रामाणिक होय. मापें दोन अंकांचीं असल्यास त्यांच्या गुणाकारांतही दोनच अंक ठेवावे, हा व्यवहारी नियम ह्यावरून ध्यानांत येईल.

असें ठोकळ मान काढण्याची रीत सोपी आहे. जेथवर अंक ठेवावयाचे, त्याच्या लगतचा पुढील अंक पाहावा. तो ५ किंवा अधिक असल्यास ठेवलेल्या शेवटच्या अंकांत १ मिळवावा, नाहीं तर तो अंक तसाच राहूं द्यावा. मात्र दोन गोष्टींविषयीं सावध असावें. पहिली ही कीं, हें काम एकदांच आणि अगदीं शेवटीं करावें. २.४४७ चें एका दशांशस्थळापर्यंतचें मान २.४ होय, पण पायरीपायरीनें गेल्यास प्रथम २.४५ व मग २.५ येतात, आणि उत्तर चुकतें. दुसरी ही कीं, प्रसंग पाहावा. १३० मुलें सहलीस जावयाचीं आणि एका बसगाडींत ४० जण बसावयाचे, तर भागाकार ३.२५ येतो. नियम म्हणेल कीं ३ गाड्या पुरेत. पण मग दहा मुलें शाळेच्या फाटकाशींच उभीं राहतील!

आकडेमोडीपूर्वीं अदमास घेण्याची संवयही तितकीच उपयोगी आहे. ४८ ला २१ नें गुणावयाचें असतां ५० गुणिले २० म्हणजे हजाराच्या आसपास उत्तर यावें, हें ज्यानें आधींच मनाशीं ठरविलें, तो १००८ च्या ठिकाणीं १००८० लिहून स्वस्थ बसणार नाहीं.

शून्यांविषयीं जगांतील सर्वोच्च शिखराची हकीकत बोधप्रद आहे. हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय पाहणींत शंभराहून अधिक मैलांवरून ह्या शिखराचे वेध घेण्यांत आले. राधानाथ शिकदार हे त्या खात्याचे प्रमुख गणक होते. १८५६ सालीं २९,००२ फूट ही उंची जाहीर झाली. सरासरी बरोबर २९,००० आली होती, पण लोक तो ठोकळ आकडा समजतील म्हणून २ फूट वाढविले, अशी आख्यायिका सांगतात. ती खरी असो वा नसो, तींतील मर्म खरें आहे. शून्यें मोजून आलेलीं कीं नुसतीं भरतीचीं, हें आकडा पाहून कळत नाहीं. तें लिहिणाऱ्यानेंच सांगितलें पाहिजे. २०२० सालीं नेपाळ व चीन ह्यांनीं मिळून ८,८४८.८६ मीटर, म्हणजे सुमारें २९,०३२ फूट, ही उंची जाहीर केली. जुन्या गणकांचा फरक हजारांत एक एवढाच होता, ही मोठीच कामगिरी. परंतु जेथें तीस फुटांचा फरक, तेथें त्या शेवटच्या २ ला कांहींच वजन नव्हतें.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट प्रयोगशाळेंतील होय. लंबकाच्या प्रयोगांत गुरुत्वत्वरण ९.६ आलें, कीं कित्येक विद्यार्थी तें पुसून पुस्तकांतील ९.८१ लिहितात. गुण जातील ही त्यांस भीति. परंतु आलेला आकडा खोडणें म्हणजे स्वतःच्या डोळ्यांस खोटें ठरविणें होय. त्याऐवजीं मापन सुधारावें. घड्याळाची कळ दाबण्यांत ०.२ सेकंदाचा फरक पडला, तर एकच आंदोलन मोजणाऱ्याच्या उत्तरांत तो सगळाच्या सगळा शिरतो. २० आंदोलनें मोजून भागिल्यास प्रत्येकाच्या वांट्यास अवघा ०.०१ सेकंद येतो. एवढें करूनही ९.६ च आलें, तर तेंच लिहावें, आणि फरक कशानें पडला असावा ह्याचा शोध घ्यावा. अशा वहीस आम्ही पूर्ण गुण देतों.

पालकांस आमची एवढीच विनंती आहे कीं, बादलींत किती तांबे पाणी मावेल, वाण्याची यादी किती रुपयांची होईल, असे प्रश्न मुलांस घरीं विचारावे. आधीं अंदाज सांगूं द्यावा, मग मोजूं द्यावें. अंदाज चुकल्यास मुलांस हंसूं नये. किती चुकला, एवढें मात्र त्यांच्याकडूनच काढवून घ्यावें.